जिप्सीचं स्टिअरिंग मारतंय : मे ते जुलै २०२४ च्या नोंदी

गाडी मारुती जिप्सी किंग, २००९ ची, पेट्रोल, एमएच-२४. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा), चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे. जानेवारीत मी हौसेने दोन कामं केली. चारही शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) मूळपेक्षा ५ सेंमी लांब टाकले आणि २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर चढवले. गाडी अशी काही दिसायला लागली की रेणापूर नाक्यावर लोक वळून बघायचे. पुढची चाकं नाचायला लागली ती त्यानंतर.

खाली जे आहे ते मी केलं त्याच क्रमाने लिहिलंय. हा क्रम चुकीचा होता. तुम्ही तसं करू नका.

१२ मे, रविवार

औसा रोड, दुपारचे बारा, भाचा शेजारी. वेग ६५. पुलाच्या जोडावर डावं चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं डावीउजवीकडे मारायला लागलं. बॅलन्सिंग बिघडलं की जी बारीक थरथर येते ती ही नव्हे. दोन्ही चाकं मिळून गाडीचं नाक धरून हलवतायत असं वाटत होतं. मी करकचून ब्रेक दाबला तर आणखी जोरात. पाय काढला, गाडी २५ वर आल्यावर थांबलं. मागचा टमटमवाला शिव्या देत पुढे गेला. भाचा म्हणाला, "मामा, आपण विकून टाकूत का ही?"

पुढच्या टायरवरून हात फिरवला. नक्षीच्या कडांना करवतीसारखे दाते आलेत. टायर पाच महिन्यांचे.

१४ मे, मंगळवार

सगळे जातात तिथेच गेलो, कॉम्प्युटर अलाइनमेंटला. पडद्यावर कॅस्टर (चाक ज्या खुंट्यावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे लाल, उजव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) लाल, टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर) लाल. पोरानं टाय रॉड (पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) फिरवून टो हिरवा केला. बाकीचं काय, विचारलं तर म्हणाला, "ते ह्या गाडीला होत नसतंय." इथपर्यंत तो खरं बोलला. अखंड ॲक्सलला कॅम्बर-कॅस्टर फिरवायला बोल्टच नसतो, हातात असतो तो फक्त टो. पण पुढे म्हणाला, "ॲक्सल वाकलाय, बदलून टाका," आणि जुन्या ॲक्सलचे अठरा हजार सांगितले. का वाकला, कुठे वाकला, हे सांगितलं नाही.

स्टिअरिंगचं चाक थोडं तिरकं बसत होतं. गाडी उंच केली की ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपी होते आणि स्टिअरिंगचं चाक असं फिरतंच. त्याने चाकाचा नट काढला, चाक उपटलं, दोन दाते फिरवून पुन्हा बसवलं. मी समोर उभा होतो आणि मला तेव्हा काहीच खटकलं नाही. ह्याची किंमत २३ जूनला कळली.

अलाइनमेंट ७५०, बॅलन्सिंग ६००. येताना ६२ वर पुन्हा तेच.

२० मे, सोमवार

मिस्त्रींकडे. वीस वर्षं जीपवर हात बसलेला माणूस. स्टिअरिंग हलवून म्हणाले, "मालक, बॉक्समधी खेळ हाय," आणि स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू पाऊण आटा आवळला. खेळ गेला. बार्शी रोडला वळलो आणि चाक सोडलं तर ते आपोआप सरळ येईना. दुभाजकाच्या कडेला वीतभर अंतर राहिलं. बॉक्स आत घट्ट झाला होता. दुसऱ्या दिवशी स्क्रू मूळ जागी आणला. ३०० रुपये आणि दीड दिवस.

२३ मे

नवा स्टिअरिंग डॅम्पर, २,४००. नाचणं ६० ऐवजी ७२ ला सुरू झालं. मला वाटलं, निम्मं काम झालं. प्रत्यक्षात दुखण्यावर गोळी घेतली होती इतकंच. डॅम्पर धक्का गिळतो, ढिलाई काढत नाही.

२६ मे, रविवार

आज पहिल्यांदा स्वतः गाडीखाली झोपलो. दुकानामागच्या शहाबादी फरशीवर, सकाळी सहाला, कारण नऊनंतर त्या फरशीवर पाठ टेकवत नाही.

ही तपासणी फुकट आहे. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. भाच्याने वर बसून स्टिअरिंग एक इंच इकडे, एक इंच तिकडे सारखं हलवत राहायचं. मी खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. सांध्याच्या दोन्ही बाजू एकदम हलल्या तर सांधा ठीक. एक बाजू आधी आणि दुसरी मागून हलली तर तो गेला. डोळ्याला दिसत नाही, हाताला लगेच कळतं. ड्रॅग लिंकचा बॉक्सकडचा एंड (टोकाचा सांधा) गेलेला. उजवा टाय रॉड एंडही गेलेला, रबर फाटून आत काळी माती.

मग पुढचा ॲक्सल उचलून घोडीवर ठेवला. उजवं चाक वरखाली धरून हलवलं तर खटखट. इथे बरेच जण व्हील बेअरिंग समजून हब खोलतात. मीही पाना घेऊन बसलो होतो. मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, आधी कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की डिस्क आणि हब नकलला (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) जखडतात. तेव्हा खटखट थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, चालू राहिली तर किंगपिनचा, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या खुंट्याचा. भाच्याने ब्रेक दाबला. खटखट तशीच.

म्हणजे "ॲक्सल वाकलाय" ते हेच असणार. किंगपिनची बेअरिंग ढिली, म्हणून चाक वरून झुकलेलं आणि मशीनला कॅम्बर लाल दिसला. अठरा हजार वाचले. बॉक्सचा स्क्रू आवळणाऱ्या मिस्त्रींवरचा माझा रागही निम्मा गेला.

१ आणि २ जून

सामान पुण्याहून, नाना पेठेतून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं. दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, नकलची ऑइल सीलं आणि शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) मिळून ४,३००. तीन एंड २,१००.

उजवी बाजू खोलली. नकलमागच्या गोळ्यावर ग्रीस नव्हतंच, काळ्या मातीचा आणि ग्रीसचा मिळून खरवसासारखा थर होता. सीलची ओठं झिजून माती आत गेलेली. खालच्या बेअरिंगचा कप पुसून उजेडात धरला तर आतल्या अंगाला रोलरच्या आकाराच्या बारीक खाचा, ओळीने, पण एकाच पट्ट्यात. गाडी सरळ जात असताना रोलर जिथे उभे असतात तिथेच हातोडीचे घाव घातल्यासारख्या. जुनं बेअरिंग त्या कपात ठेवून बोटाने फिरवलं की त्या जागी टक् करून बसायचं. स्टिअरिंगला सरळ रेषेत जो खटका जाणवत होता तो हाच. मी तो चांगला समजत होतो. म्हणायचो, बघा गाडी कशी सरळ धरते.

चूक माझी: खोलताना वरच्या आणि खालच्या किंगपिनच्या शिमा एकाच डब्यात टाकल्या. कुठली कुठली ते कळेना. वर-खाली वेगवेगळ्या वाटीत ठेवा, वाटीवर खडूने लिहा. मला अंदाजाने बसवाव्या लागल्या आणि त्यात अर्धा दिवस गेला.

शिम काढली की पकड वाढते, घातली की कमी होते. पकड किती हवी ते मॅन्युअलमध्ये आहे : ऑइल सील न लावता, नकलच्या टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढायचं, १ ते १.८ किलोला नकल हलायला लागलं पाहिजे. माझ्याकडे कापूस मोजायचा ताणकाटा होता. त्यावर एक किलो म्हणजे काट्याची नुसती थरथर. शेवटी मेव्हण्याचा विमानप्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल काटा आणला. पहिल्यांदा ३.४ किलो आलं. एक शिम वाढवली, २.१. आणखी एक पातळ, १.५. थांबलो. डावी बाजू उघडली तर तिथेही खाचा होत्याच, उजवीपेक्षा कमी.

ह्या कामाला दोन अख्खे दिवस लागले. सरावाच्या माणसाला एक पुरेल.

५ जून

फरक मोठा. ८० पर्यंत नाचणं नाही. पण गाडी रस्त्यावर तरंगते. सरळ रस्त्यावरही सारखं स्टिअरिंग सांभाळत बसावं लागतं आणि वळणानंतर चाक आळशासारखं परत येतं. हे कॅस्टरचं दुखणं. मशीनने ते १४ मेलाच लाल दाखवलं होतं आणि मी सोयीने विसरलो होतो.

९ जून, रविवार

मृग लागून दोन दिवस झाले, सकाळी एक सर येऊन गेली. दुकानात बियाण्याची गर्दी, त्यामुळे काम दुपारनंतर.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं आणि शॅकल पुढच्या टोकाला. शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाटा नाक खाली घालून झुकतो, त्याच्यावर बसलेला ॲक्सलही झुकतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. कॅस्टर जातो तो असा. मीटरभराच्या आसपासच्या पाट्याचं एक टोक ५ सेंमी खाली गेलं की तीन अंश गेले समजा. मॅन्युअलमधला आकडाच साडेतीन अंशांचा. गाडी उचलली जाते मात्र निम्मीच, अडीच सेंमी. अडीच सेंमीच्या ऐटीसाठी मी सगळा कॅस्टर देऊन बसलो होतो.

मोजमाप घरीच. जमीन सपाट पाहिजे, आणि "दिसायला सपाट" चालत नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणून चार चाकांच्या जागांची पातळी बघितली, मागचं डावं ११ मिमी खाली निघालं. तिथे फरशीचा तुकडा सारला. मग मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप, किंगपिनच्या वरच्या सपाट टोपीवर, गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून. एकदा वाचायचं, मोबाइल उलट फिरवून पुन्हा वाचायचं, मधला आकडा घ्यायचा. माझ्या मोबाइलच्या स्वतःच्याच अंगात ०.८ अंशाची खोट निघाली.

डावीकडे ०.४, उजवीकडे ०.६ अंश.

उपाय पाचर. पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये तिरकी पट्टी घालून ॲक्सल परत मागे झुकवायचा. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून २.५ अंशाच्या दोन लोखंडी पाचरी घेतल्या, ७०० रुपये. ॲल्युमिनियमच्या तयार मिळतात आणि स्वस्त पडतात, पण यू-बोल्टच्या दाबाखाली त्यांना तडे गेलेले मी दोन गाड्यांवर पाहिलेत. पाटे बांधणारा सेंटर बोल्टही पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब लागतो. त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं नाही तर ॲक्सल पाट्यावर सरकतो.

१५ जून, शनिवार

पाचरी बसवल्या. चार तास. पावसाची झड होती, ताडपत्री बांधून केलं.

फेरी मारायला निघालो आणि गल्लीच्या टोकालाच कळलं की काहीतरी भयंकर झालंय. ३० च्या वेगाला गाडी कुठेही जात होती. वळवलं की तिकडेच पडून राहायची, चाक हाताने ओढून सरळ आणावं लागत होतं. माघारी आणून मोजलं : डावीकडे उणे २.१.

जाड बाजू मागे बसवली होती. एका व्हिडिओत बघून केलं होतं आणि त्यातला माणूस चुकलेला नव्हता. त्याच्या गाडीचे पाटे ॲक्सलच्या वर आहेत, माझ्या जिप्सीचे खाली. पाटा वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, पाटा खाली असेल तर जाड बाजू पुढे. मी मोबाइलवरचं चित्र बघून बसवलं, स्वतःच्या गाडीखाली बघून नाही.

भाच्याने विचारलं, "मामा, उद्या पुन्हा?" मी काही बोललो नाही.

१६ जून, रविवार

उलटवल्या. आज तीनच तास, कालचा सराव. डावीकडे २.९, उजवीकडे ३.१. वळणानंतर चाक आपोआप सरळ येतं, ७० वर एका हाताने गाडी चालते.

तोटा सांगून ठेवतो. किंगपिन मागे झुकवला की त्याच ॲक्सलच्या डिफरेन्शियलचं तोंडही खाली जातं. त्यामुळे फोर-व्हील लावल्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट ४० च्या पुढे घुमतो. मी फोर-व्हील चिखलातच लावतो, तिथे ४० कुणाला गाठायचेत. तुम्ही वाळूत वेगाने चालवत असाल तर दोन अंशांची पाचर पुरे.

२३ जून, रविवार

आता टो. टाय रॉड एंड बदलले की टो बदलतोच, म्हणजे मेमधले ७५० रुपये तसेही पाण्यात गेले असते.

चाक उचलून फिरवलं, नक्षीच्या मध्यावर चुन्याचा पट्टा ओढला आणि लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ काढली. दोन्ही चाकांना तसंच. गाडी खाली घेऊन दोन मीटर पुढे-मागे ढकलली, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतात. रेघांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजायचं असतं, पण मागे फीत सरळ जात नाही, मध्ये अर्धी गाडी येते. मग गवंड्याचा ओळंबा. रेघेवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण, अशा चार खुणा, गाडी बाजूला, आणि निवांत फरशीवर मोजमाप. पुढे १,२९९, मागे १,३०८. म्हणजे ९ मिमी टो-इन. मॅन्युअल २ ते ६ म्हणतं. ४ वर आणला.

टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. हे मला माहीत होतं. तरी अर्धा तास लॉकनट उलटा आवळत बसलो.

मग १४ मेची किंमत. ड्रॅग लिंक सोडवली, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले आणि बरोबर निम्मे परत आणले. हा बॉक्सचा मध्य. तिथे चाकाची दांडी चांगलीच तिरकी. बॉक्सची पकड मध्यावर सगळ्यात घट्ट असते, बाजूला ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. त्या पोराने चाक उपटून फिरवल्यामुळे दिसायला दांडी सरळ होती, पण बॉक्स महिनाभर बाजूच्या सैल भागात चालत होता. मिस्त्रींना २० मेला "बॉक्समधी खेळ" सापडला तो बराचसा हाच असणार. स्टिअरिंगचं चाक मूळ दात्यांवर बसवलं, रस्त्यावरची चाकं सरळ केली आणि ड्रॅग लिंकची लांबी फिरवून ती जागेवर आणली. स्टिअरिंग सरळ करायचं असेल तर ते ड्रॅग लिंकने करायचं. कुणी चाकाच्या नटाला पाना लावला तर हात धरा.

७ जुलै, रविवार

काल शेतावर गेलो होतो. सोयाबीनची उगवण बघायची होती आणि बांधापर्यंत फोर-व्हीलनेच जावं लागतं. आज सकाळी लातूरकडे निघालो, ५५ ला गाडी नाचायला लागली. अगदी १२ मेसारखी. खरं सांगतो, रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. डोक्यात एकच, अठरा हजार.

घरी आणून सगळे सांधे पुन्हा हाताने बघितले. ठीक. ब्रेक दाबून खटखट बघितली. नाही. यू-बोल्ट घट्ट. दोन तास गेले. मग भाचा डाव्या चाकामागे वाकून म्हणाला, "मामा, हे काय चिकटलंय?"

रिमच्या आतल्या अंगाला काळ्या मातीचा वाळलेला लादा. रात्रभरात सिमेंटसारखा झालेला, एका बाजूलाच, विताएवढा लांब. खुरप्याने काढला तर अख्खा सुटून आला, एका अंगावर रिमचा गोल वळसा उमटलेला आणि मध्ये गेल्या वर्षीच्या सोयाबीनचं काड. दुकानाच्या काट्यावर टाकला : ६४० ग्रॅम. बॅलन्सिंगवाल्याने त्याच चाकाला ३५ ग्रॅम शिसं लावून ६०० रुपयांतले दीडशे घेतले होते.

उजव्या चाकात २१० ग्रॅम निघाला. दोन्ही धुतले, ८५ पर्यंत गाडी गप्प.

मेमध्ये ही माती नव्हती, तेव्हाचा दोष खराच होता. पण आता पावसाळ्यात शेतातून आलो की आधी खुरपं, मग डांबरी. ते खुरपं सीटखाली ठेवलंय.

२१ जुलै, रविवार

पाचरीनंतर ६०० किमी. यू-बोल्ट पुन्हा आवळले, चारपैकी तीन पाव आट्याने फिरले. नवी पाचर बसते, दबते, हे होणारच. पहिल्या शंभर किमीलाच करायला हवं होतं. टो ४ वरून ५ झालाय, असू दे. दाते पडलेले टायर मागे टाकले, मागचे पुढे.

खर्च : कामी आलेला ७,१०० (किंगपिन, एंड, पाचरी) अधिक सेंटर बोल्ट, ग्रीस, किरकोळ ४५०. वाया गेलेला ४,०५०, डॅम्पर धरून. डॅम्पर काढलेला नाही, पण त्याचा एक बोल्ट सोडून ७५ पर्यंत चालवून बघितलं. नाचली नाही. मग लावला.

राहिलेलं काम : डाव्या नकलच्या सीलमधून ग्रीस पाझरतंय, बसवताना ओठ दुमडला असणार. पोळ्याच्या आधी उघडतो.